ऊब कशात असते? : गिटारचा ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर



आजच्या विषयाची सूचना लागली तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. गिटारच्या ॲम्प्लिफायरवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, एखाद्या वस्तूत अमुक एक गुण आहे असं चारचौघं ठासून सांगू लागले, की तो गुण नेमका कुठं राहतो हे विचारणं आमचं जुनंच काम. वस्तूत राहतो, ऐकणाऱ्यात राहतो, की दोघांच्या सवयीत?

विजेची गिटार वाजवणाऱ्यांमध्ये गेली साठ वर्षं एक वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, खरा आवाज व्हॉल्व्हचा. ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा, थंड, निर्जीव. दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळे जुन्या आठवणींचे लाड. आम्हाला दोन्ही पक्ष अर्धेच पटतात, आणि राहिलेलं अर्धं कुठं आहे ते शोधावं म्हणून आज उभे आहोत.

आता हा वाद भिवंडीत कशाला? तर या शहरात गिटार शिकणारी मुलं आहेत. त्यांतली काही महागडा व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायला हप्ते भरायची तयारी करतात, कारण कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलेलं असतं की त्याशिवाय 'टोन' येत नाही. आणि याच शहराच्या आसपास आगरी हळदीत, गणपतीत, उरुसाच्या कव्वालीत बेंजो वाजतो. तो सगळा ट्रान्झिस्टरवर. त्याला मात्र हीच मुलं 'आवाज' म्हणतात, 'टोन' म्हणत नाहीत. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत बरंच काही अडकलेलं आहे. ते आज बाहेर काढायचं आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. गिटारच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली की पिकअपमध्ये अगदी क्षीण वीज उपजते. तिला स्पीकरचा पडदा हलवण्याइतकं बळ देणं हे ॲम्प्लिफायरचं काम. १९०६ साली ली डी फॉरेस्टनं या कामाला येईल अशी काचेची नळी केली. रेडिओमुळे आपल्याला तिला व्हॉल्व्ह म्हणायची सवय आहे. गिटारवाले ट्यूब म्हणतात. आत तंतू तापतो, उष्णतेनं इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मधल्या जाळीवर दिलेला क्षीण संदेश त्यांचा मोठा प्रवाह कमीजास्त करतो. गिटारच्या ॲम्पमध्ये यासाठी तीनचारशे व्होल्टचा दाब लागतो. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर चालला. काम तेच, पण घन पदार्थाच्या एका कणात. ना काच, ना तंतू, ना निर्वात पोकळी. म्हणून त्याला सॉलिड स्टेट म्हणायचं.

आमच्या पिढीनं हे स्थित्यंतर घरातच पाहिलं. इथं शेजारी ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना होता. व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की आधी डायलच्या मागं पिवळा उजेड यायचा, आणि मग बऱ्याच वेळानं बातम्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, आणि १९६२ साली जर्मेनियमची अर्धवाहक उपकरणं. एका वर्षाच्या अंतरानं! म्हणजे आपल्या कारखान्यात व्हॉल्व्ह नीट रुजतो न रुजतो तोच त्याचा वारसदार दारात उभा. पश्चिमेतल्या गिटारवादकाच्या कानाला व्हॉल्व्हची काही दशकांची सवय होती. आयात परवान्यांच्या काळात इथल्या वादकाला परदेशी ॲम्प मिळणंच मुश्कील, तर ती सवय कुठून लागणार? हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आता मूळ गंमत. ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या अभियंत्याचं ध्येय एकच असतं: जे आत जाईल तेच बाहेर यावं, फक्त मोठं होऊन. या वाटेत जे बिघडेल त्याला तो डिस्टॉर्शन म्हणतो. आपण विकृती म्हणू. पन्नासच्या दशकातले फेंडरचे ॲम्प हे विकृती टाळायच्या हेतूनंच बनवलेले होते. पण वादकांनी आवाजाची कळ शेवटपर्यंत पिरगाळली. व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला टेकला, लाटेची टोकं बोथट झाली, स्वर लांबला, जाड झाला, त्याला खरखरीत किनार आली. आणि ती किनार लोकांना आवडली. १९५९ चा फेंडर बेसमन हा मुळात बेस गिटारसाठीचा ॲम्प. त्याच्या आराखड्यावरून लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. त्याच्या थोडा आधी इंग्लंडमध्येच व्हॉक्सचा एसी-३० आला, चार ईएल-८४ व्हॉल्व्हवर तीस वॉट देणारा. ज्याला आपण रॉकचा आवाज म्हणतो तो बऱ्याच अंशी या पेट्यांच्या मर्यादांचा आवाज आहे. अभियंत्याचा दोष वादकाचा गुण ठरला.

मग १९६६ साली फेंडरनं ट्रान्झिस्टरचे ॲम्प आणले. हलके, न तापणारे, व्हॉल्व्ह बदलायची कटकट नसलेले. वादकांनी ते नाकारले, आणि काही वर्षांत ते बंदही पडले. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर मंचावरच्या मारामारीत टिकत नसत हे एक कारण. दुसरं कारण आवाजाचं. व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेकडे जातो तो पावसाळ्यात कामवारीचं पाणी चढतं तसा. एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली, आपल्याला कळत असतं की पाणी येतंय. त्या काळचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प म्हणजे नळाखाली ठेवलेला हंडा. काठापर्यंत सगळं शांत, आणि पुढच्या थेंबाला सांडलाच. लाटेचं टोक सुरीनं कापल्यासारखं सपाट होतं आणि कानाला बोचतं.

इथवर कुणाचं भांडण नाही. भांडण सुरू होतं ते पुढच्या वाक्यापाशी: "म्हणून जिथं जिथं व्हॉल्व्ह, तिथं तिथं ऊब, आणि जिथं ऊब हवी, तिथं व्हॉल्व्ह हवाच." हे वाक्य ऐकलं की आमच्यासारख्या न्यायशास्त्र शिकवलेल्या माणसाचे कान टवकारतात. कारण ही व्याप्ती आहे, आणि व्याप्ती तपासून घ्यायची असते.

न्यायातलं नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. आता उलटं करा: डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथं धूर आहे. हे चूक. का? लोहाराच्या भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा घ्या. अग्नी आहे, धुराचा पत्ता नाही. अग्नीबरोबर धूर दिसतो तो अग्नीमुळे एकट्यानं नाही. लाकूड ओलं असतं म्हणून दिसतो. या ओल्या लाकडाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. उपाधी म्हणजे लपून बसलेली अट. साध्य जिथं जिथं असतं तिथं ती असते, पण साधन जिथं जिथं असतं तिथं असेलच असं नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात विद्यार्थी हे पहिल्याच वर्षी शिकतो, आणि पुढं आयुष्यभर बाजारात विसरतो.

मग व्हॉल्व्हच्या बाबतीत तो लालबुंद गोळा कुठला? तो आहे. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. पूर्ण व्हॉल्व्हचा. पंधरा वॉटला त्यातली विकृती ०.१ टक्क्याच्याही खाली. इतका स्वच्छ, इतका तटस्थ, की ज्याला गिटारवाले 'ऊब' म्हणतात तिचा त्यात मागमूस नको हाच त्याचा हेतू. अग्नी आहे, धूर नाही. व्हॉल्व्ह असला म्हणजे ऊब आलीच, ही व्याप्ती इथंच मोडली.

आता ओलं लाकूड शोधू. आमच्या समजुतीप्रमाणे ते तीन ठिकाणी आहे.

पहिलं, प्रतिपोषण, म्हणजे फीडबॅक. बाहेर आलेल्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घातला की ॲम्प्लिफायर आपल्या चुका आपणच सुधारतो. विल्यमसननं ते भरपूर वापरलं, ट्रान्झिस्टरवाल्यांनीही वापरलं. त्याची किंमत अशी की मर्यादा येईपर्यंत सगळं चोख, आणि मर्यादा आली की एकदम कडेलोट. गिटारच्या जुन्या ॲम्पमध्ये हे थोडंच असे. एसी-३० मध्ये तर शेवटच्या टप्प्याला नव्हतंच. म्हणजे हंडा आणि नदी यांतला फरक बराचसा जोडणीचा आहे. काच की सिलिकॉन, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरं, ॲम्प आणि स्पीकर यांचं नातं. स्पीकर सगळ्या स्वरांना सारखा विरोध करत नाही. खर्जातल्या एका ठिकाणी त्याचं अंग आपोआप थरथरतं. कमी प्रतिपोषणाचा व्हॉल्व्हचा ॲम्प त्याला लगाम घालत नाही, थरथरू देतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प मान धरून सरळ करतो. ज्याला 'भरदारपणा' म्हणतात त्यातला मोठा वाटा इथून येतो. पुढच्या काळातल्या काही ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये मुद्दाम अशी जोडणी केली, की त्यांनीही लगाम सैल सोडावा. ते जमतं.

तिसरं, खुद्द स्पीकर. गिटारचा बारा इंची कागदी पडदा साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. वरचे सगळे काटे तो गाळून टाकतो. जगातला सर्वांत महाग व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण ताणून त्याचा आवाज या पडद्याशिवाय साध्या हेडफोनवर ऐका. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा येतो. ऊब कुठं गेली? ती बरीचशी कागदात होती.

इथं एक लोकप्रिय समजूतही निकालात काढू. म्हणतात, व्हॉल्व्ह सम स्वरांश देतो, ते गोड; ट्रान्झिस्टर विषम देतो, ते कडू. १९७३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात रसेल हॅम यांचा या विषयावर लेख आला, आणि तेव्हापासून हे वाक्य मंत्रासारखं फिरतंय. हॅम यांची मोजमापं स्टुडिओतल्या मायक्रोफोनच्या प्राथमिक ॲम्प्लिफायरची होती, आणि तीही त्यांना मर्यादेपलीकडे ढकलून घेतलेली. गिटारच्या मोठ्या ॲम्पमध्ये शेवटचे व्हॉल्व्ह जोडीनं, आळीपाळीनं ओढतात-ढकलतात. या रचनेत त्या टप्प्यातले सम स्वरांश एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. म्हणजे ज्या मार्शलच्या गर्जनेवर लोक जीव टाकतात तिच्यात विषम स्वरांशांचाच भरणा जास्त. मंत्र म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा. १९८५ साली अमेरिकेतल्या बॉब कार्व्हर नावाच्या अभियंत्यानं 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कुठलाही महाग ॲम्प सांगा, मी माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा ॲम्प त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी एक महागडा व्हॉल्व्हचा निवडला. कार्व्हरनं दोघांचे आवाज एकमेकांतून वजा करत, उरलेला फरक ऐकत, तो फरक जवळपास मिटेपर्यंत आपला ॲम्प जुळवला. मग संपादकांनी ऐकलं. त्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. हे घरी ऐकण्याच्या ॲम्पचं उदाहरण आहे, गिटारच्या नाही. पण तत्त्व तेच. गुण जर जोडणीत असेल, तर तो दुसऱ्या द्रव्यातही उभा करता येतो. १९९८ साली लाइन-सिक्स कंपनीचा पॉड आला, लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. त्यातल्या चिपवर एकेका नामवंत व्हॉल्व्हच्या ॲम्पची नक्कल गणितानं केलेली होती. आज मोठमोठ्या मंचांवर 'ट्यूबचा आवाज' म्हणून जे ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं चिपमधून येतं, आणि समोरचा श्रोता सुखानं डोलत असतो.

इतकं ऐकून कुणी म्हणेल, सर ट्रान्झिस्टरच्या बाजूचे दिसतात. थांबा. पूर्वपक्ष मोडला म्हणजे त्याच्या अनुभवातलं सगळंच खोटं ठरत नाही. वादक खोटं बोलत नसतो. तो चुकीचं कारण सांगत असतो. त्याच्या बोटांना काय जाणवतं ते बघा.

चांगल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवर, आवाज मर्यादेच्या जरा अलीकडे ठेवून, तार हळू छेडली तर स्वच्छ वाजते. थोडी जोरात छेडली तर कडेला किंचित खरखर. कचकन ओढली तर गुरगुर. तीच कळ, तीच जागा. सगळा फरक बोटांच्या दाबाचा. गिटारवरची आवाजाची कळ जरा कमी केली की ॲम्प पुन्हा शांत. जोरात आघात झाला की काही ॲम्पमध्ये विजेचा पुरवठाच क्षणभर दबतो आणि मग सावरतो. स्वर आधी दचकतो, मग फुलतो. हे सगळं मिळून वादकाच्या हाताखाली एक लांब पट्टी येते, मंदापासून तीव्रापर्यंतची. जुन्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये त्या पट्टीवर दोनच खुणा: स्वच्छ आणि फाटलेला. मधलं काही नाही. व्हॉल्व्हचं खरं देणं हेच आहे, ही श्रेणी. ऊब हा तिच्यासाठी सापडलेला ढिला शब्द.

एक छोटी गोष्ट यातूनच सुटते. "व्हॉल्व्हचे तीस वॉट ट्रान्झिस्टरच्या शंभरासारखे वाजतात" असं म्हणतात. वॉट म्हणजे वॉट, त्यात जातपात नाही. पण व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेपलीकडे ढकलला तरी ऐकवतो, म्हणून वादक त्याचा शेवटचा थेंब वापरतो. ट्रान्झिस्टरचा फाटायला लागला की हात मागं घेतो. अनुभव खरा, हिशेब चुकीचा. आणि मुलांनो, शंभर वॉट हे पन्नासाच्या दुप्पट मोठे ऐकू येत नाहीत; फरक तीन डेसिबलचा, जेमतेम जाणवणारा. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

आता शब्दाकडे येऊ, कारण आम्हाला खरं खटकतं ते इथं. 'वॉर्म', 'कोल्ड', 'स्टराइल'. ही विशेषणं थंड हवेच्या देशांतून आली. तिथं ऊब म्हणजे सुख. एप्रिलच्या भिवंडीत, पत्र्याच्या शेडखाली, ऊब म्हणजे शिक्षा! आपण सुखासाठी काय म्हणतो? डोळे निवले. जीव गार झाला. आवाजाला आपण गोड म्हणतो, भरदार म्हणतो, टिपेचा, धारदार, घुमणारा म्हणतो. धारदार ही आपल्याकडे शिवी नाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला ती तारीफ आहे. तेव्हा कुणी परक्या विशेषणांचं पाकीट घेऊन आला आणि आपण त्यांतलीच विशेषणं वापरून आपला आवाज तपासायला लागलो, की निकाल आधीच ठरलेला असतो. कान उसना घेतला, की पसंतीही उसनीच येते.

दोषातून गुण काढणं आपल्याला नवं नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तार नुसती टेकवून सोडली तर ती शहाण्यासारखी एकच स्वर देईल. कारागीर घोडीचा माथा कानसेनं असा घासतो, की तार त्याला चाटत चाटत थरथरावी. वर दोरा सरकवून ते स्पर्शाचं ठिकाण केसभर इकडंतिकडं करतात. त्यातून वरच्या स्वरांशांचं मोहोळ उठतं, ज्यात गायकाला आपला षड्ज सापडतो. शुद्ध यंत्रज्ञानाच्या हिशेबानं ही विकृतीच. पण ती बेतलेली, हातात असलेली विकृती आहे. मार्शलचा ॲम्प आणि मिरजेची घोडी यांचं नातं या पातळीवर आहे, आणि ते आम्हाला मौजेचं वाटतं.

मात्र दोषाला गुण कोण म्हणतो, हाही प्रश्न आहे. भिवंडीकरांना हे समजावून सांगायला नको. धोट्याचा जुना यंत्रमाग मंद, खडखडणारा, कमी पन्ह्याचा. आपल्याकडे असे माग वजनावर भंगारात गेले. आणि जपानमध्ये ओकायामाच्या बाजूला तसल्याच धोट्याच्या मागांवर विणलेलं, बंद किनारीचं डेनिम जगातल्या शौकिनांना चढ्या भावात विकलं जातं. कापडातली तीच किंचित ओबडधोबड वीण तिथं 'चारित्र्य' आणि इथं 'मागासलेपण'. धोटा दोन्हीकडे एकच. ज्याला नवा माग घेणं परवडत असूनही जुना ठेवता येतो, त्याचा दोष गुण होतो. ज्याला दुसरं काही परवडतच नाही, त्याचा दोष दोषच राहतो. व्हॉल्व्हच्या पंथात हा भाग फार मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

म्हणून आता बेंजोकडे येऊ. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं, कव्वालीत शिरलं, आणि मुंबई-ठाणे-कोकणात विजेचं होऊन बेंजो पार्टीचं नायक वाद्य बनलं. पिकअप लावला, तो इफेक्टच्या डब्यातून नेला, मंडपवाल्याच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला जोडला, आणि बाहेर कर्णा. टेम्पोवर जनरेटर. ना काचेची नळी, ना कागदी बारा इंची पडदा. वर सांगितलेलं ओलं लाकूड जवळजवळ कुठंच नाही.

आणि तरीही त्याचा स्वतःचा आवाज आहे. का? कर्ण्याला खर्ज जमत नाही. तो मधला आणि वरचा पट्टा फेकतो. फाटलेल्या लाटेतले टोकदार स्वरांश त्याच पट्ट्यात पडतात. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास. रस्त्यावर ढोल-ताशे सगळा खालचा भाग व्यापून बसलेले असतात. त्यांच्या डोक्यावरून, उघड्या हवेत, शंभर पावलांवरच्या नाचणाऱ्याला चाल ओळखू यायला हवी, तर आवाजाला धारच हवी. तिथं मार्शलची ऊब नेली तर ती ताशाखाली चिरडून मरेल. लंडनच्या बंद क्लबातल्या खोलीनं एक आवाज घडवला, आगरी गावच्या अंगणानं दुसरा. दोन्ही आपापल्या जागी बेतलेले. रवी जाधवांच्या २०१६ च्या 'बँजो' चित्रपटात नायक हेच वाद्य वाजवतो. पण त्या वाद्याची किंमत लोकांना पटवायला कथेतही न्यूयॉर्कहून पाहुणी यावी लागते. आमचं म्हणणं, पाहुणी आली नसती तरी तो टोनच होता.

पण एका बाजूची झाडाझडती घेतली, तशी दुसरीचीही घ्यायला हवी. व्हॉल्व्हचा गुण म्हणून आपण जी श्रेणी सांगितली, ती बेंजोच्या आजच्या वाजवण्यात उरली आहे का? ट्रान्झिस्टरनं शक्ती स्वस्त केली. स्वस्त शक्ती आली आणि सगळं कायम कळसाला लागलं. पहिल्या मिनिटाला जो जोर, तोच चौथ्या तासाला. हळू वाजवायची जागाच नाही. मग जोरात वाजवण्याला तरी अर्थ काय राहिला? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमधला दंडक आपण बंधन म्हणून मोजतो. तो शेजाऱ्याच्या झोपेसाठी आहेच. पण मागांच्या खडखडाटात दिवस काढून आधीच थकलेल्या कानांचा हिशेब दिवसाही कुणीतरी ठेवायला हवा. इथं आमची टीका ट्रान्झिस्टरवर नाही. हाताखालची पट्टी असून ती न वापरण्यावर आहे. पूर्ण ताणलेला शंभर वॉटचा मार्शल रात्रभर एकाच जोरात वाजवणाऱ्यालाही हीच टीका लागू.

तेव्हा आमची कसोटी सांगतो. ॲम्प्लिफायरची जात विचारू नका. विचारायचं ते एवढंच: बोट हलकं केलं तर आवाज हलका होतो का, आणि नुसता लहान होतो की त्याचा पोतही बदलतो? मंद आणि तीव्र यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत? ज्या जागेत वाजवायचं त्या जागेत त्या पायऱ्या ऐकू येतात का? ही कसोटी चांगल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पला वर ठेवते, हे आम्ही मोकळेपणानं म्हणतो. पण ती रोलंडच्या जेसी-१२० लाही वर ठेवते. तो १९७५ चा, पूर्ण ट्रान्झिस्टरचा. त्यानं व्हॉल्व्हची नक्कल केलीच नाही. स्वच्छ आवाज हेच आपलं बलस्थान मानलं आणि त्यावर कोरसची लहर चढवली. मेटॅलिकासारख्या कर्कश म्हणून गाजलेल्या मंडळींनीही आपल्या शांत जागांसाठी तोच वापरला. ज्याचं जे बलस्थान, त्यावर उभं राहिलं की नक्कल करावी लागत नाही.

आता हप्त्यांचं. चाळीत किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सरावाला तीस वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प घेणं म्हणजे त्याला कायम झोपेत ठेवणं आहे. त्याचे गुण मर्यादेजवळ जागे होतात, आणि तिथवर नेलात तर शेजारी दार वाजवतील. पेटीचं वजन तीस किलोच्या आसपास. व्हॉल्व्ह झिजतात. ते बनवणारे मोठे कारखाने आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथंच उरलेत. २०२२ च्या मार्चमध्ये रशियानं निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. लॅमिंग्टन रोडला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना व्हॉल्व्ह नशिबानं सापडेल, रोज नाही. छोटा चांगला ट्रान्झिस्टरचा किंवा चिपचा ॲम्प घ्या. उरलेल्या पैशांत चांगल्या तारा आणि दोन वर्षं चांगला शिक्षक येतो. मग एखाद्या स्टुडिओत तासाच्या भाड्यानं व्हॉल्व्हच्या ॲम्पपुढं बसा, कळ वर न्या, आणि बोटांनी तपासा. मालक होण्याआधी परीक्षक व्हा.

आणि परीक्षा घेताना डोळे बांधून घ्या. हे आम्ही गमतीनं म्हणत नाही. नारिंगी उजेड दिसला की कानाला ऊब वाटते. आमच्या पिढीला तर डायलमागचा पिवळा उजेडच आधी आठवतो. उजेड दिसेनासा झाल्यावर जे ऐकू येईल तेवढंच आपलं. त्यात व्हॉल्व्ह जिंकला तर त्याला मान द्या. आणि पुढच्या हळदीत बेंजोवाल्यानं एखादी तान मधेच हळू घेतली, ढोलवाल्यानं हात आवरून त्याला वाट दिली, तर तिथंही थांबून ऐका, आणि त्याला टोन म्हणा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.